रिपोर्ट कार्ड म्हणतं ‘जमतंय’, राज्याचा निकाल म्हणतो ‘अजून नाही’

वाचकाचं पत्र, थोडक्यात: न्यू जर्सीतल्या एका आईनं लिहिलंय. मुलगा पाचवीत आहे. चौथीच्या वर्षभर त्याच्या रिपोर्ट कार्डवर गणितापुढे ३ होते, म्हणजे ‘अपेक्षा पूर्ण करतो’. चौथीच्या शेवटी झालेल्या राज्याच्या एनजेएसएलए परीक्षेचा निकाल मात्र आता आला आणि त्यात गणितात ७३८, लेव्हल ३, ‘अपेक्षेच्या जवळ’. शाळेत वर्षातून तीनदा होणाऱ्या मॅप चाचणीत ७१. घरं शोधायच्या वेबसाइटवर शाळेला १० पैकी ६. नवऱ्याचं म्हणणं, हे घर विकून शेजारच्या ‘९’ वाल्या गावात जाऊ. सासरे नाशिकहून रोज फोनवर पाढे घेतात, मुलगा धडाधड म्हणतो, आणि मग ते विचारतात, ‘वर्गात कितवा आला?’ शाळा ते सांगतच नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर बाकीच्या आया आपापल्या मुलांचे आकडे टाकतात आणि हिला रात्री झोप येत नाही. तिचे प्रश्न असे: शाळा आमच्यापासून काही लपवतेय का? यातला खरा कागद कोणता? गणिताचा क्लास लावावा का? घर बदलावं का?

नमस्कार.

आधी हे सांगते की तुम्ही पाठवलेल्या आकड्यांत घाबरण्यासारखं काही नाही. शाळा काही लपवतेय असंही मला त्यातून दिसत नाही. तुमच्यासमोरचे चारही कागद खरे आहेत. ते जुळत नाहीत, कारण ते वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या प्रश्नांसाठी तयार केले आहेत. तुम्ही चौघांनाही एकच विचारताय, ‘माझा मुलगा कसा आहे?’ आणि त्यातल्या चौथ्याला तर तुमचा मुलगा माहीतही नाही.

रिपोर्ट कार्ड कसं असावं हे तुमचा स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक यंत्रणा, ठरवतो आणि ते भरते वर्गशिक्षिका. अनेक प्राथमिक शाळांनी पूर्वीचे ए, बी, सी काढून १ ते ४ असे आकडे आणले. तिथल्या ३ चा अर्थ एवढाच, की या मार्किंग पिरियडमध्ये जे शिकवलं ते त्याला येतं. नोव्हेंबरचा ३ आणि जूनचा ३ यांच्यामागचा अभ्यास वेगळा असतो. वर्गातल्या चाचण्या, वही, गटात केलेलं काम, तोंडी उत्तरं हे सगळं पाहून शिक्षिका तो आकडा देते. मुलाला रोज समोर पाहणाऱ्या माणसाचं ते मत आहे आणि म्हणून ते मोलाचं आहे. पण शेजारच्या गावातला ३ आणि तुमच्या गावातला ३ एकाच मापाचे असतील असं समजू नका. अमेरिकेत सुमारे १३,००० डिस्ट्रिक्ट आहेत आणि रिपोर्ट कार्डाचा नमुना प्रत्येकाचा आपापला असतो.

राज्याच्या परीक्षेचं काम नेमकं तिथे सुरू होतं. सगळ्या गावांतल्या मुलांना एकच पट्टी लावायची. तुमच्या कागदावरची पट्टी ६५० ते ८५० ची आहे आणि तिच्यात पाच लेव्हल आहेत. ७५० ला लेव्हल ४ सुरू होते आणि तिथून पुढे ‘अपेक्षा पूर्ण’. ७२५ ते ७४९ ही लेव्हल ३. थोडक्यात, शाळेच्या ४ पैकी ३ म्हणजे ‘पूर्ण’ आणि राज्याच्या ५ पैकी ३ म्हणजे ‘थोडं बाकी’. दोन्ही कागदांवर ३ छापलेला असल्यामुळे गोंधळ होणारच, तो तुमचा दोष नाही. तुमचा मुलगा त्या रेषेच्या १२ गुण खाली आहे. कुठल्याही परीक्षेत तेच मूल दुसऱ्या दिवशी बसलं तर गुण थोडे वरखाली होतात. निकालाच्या कागदावर असा संभाव्य टप्पा दिलाय का ते पाहा. आणि राज्यानं ही रेषा मुद्दाम उंच ठेवली आहे. अलीकडच्या वर्षांत न्यू जर्सीत गणितात निम्म्याहून जास्त मुलं ७५० च्या खालीच राहिली आहेत.

मॅपमधले ७१ हे मार्क नाहीत. सीईटीच्या निकालात जसे पर्सेंटाइल असतात, तसे ते आहेत. देशभरातल्या त्याच इयत्तेच्या १०० मुलांपैकी साधारण ७१ मुलांच्या पुढे तो होता, एवढंच त्यातून कळतं. देशाच्या तुलनेत पुढे असलेलं मूल न्यू जर्सीच्या उंच रेषेच्या किंचित खाली असणं अगदी शक्य आहे, त्यात विसंगती नाही. ग्रुपवर एकीनं मॅपचा मूळ गुण टाकला, दुसरीनं पर्सेंटाइल आणि तिसरीनं राज्याचा आकडा, तर तीन वेगवेगळ्या पट्ट्यांवरचे आकडे एकाखाली एक दिसतात आणि ज्या आईच्या मुलाचा आकडा लहान दिसतो तिची झोप उडते. त्या ग्रुपवर आकडे टाकणं तुम्ही तरी थांबवा. दुसऱ्यांनी टाकलेले वाचणंही थांबवलंत तर आणखी बरं.

आता तुमच्या बाजूनं एक गोष्ट. तुम्हाला आलेला संशय अगदीच बिनबुडाचा नाही. २०२३ मध्ये गॅलप आणि लर्निंग हिरोज यांनी अमेरिकेतल्या पालकांची पाहणी केली. १० पैकी जवळजवळ ९ पालकांना आपलं मूल इयत्तेच्या पातळीवर आहे असं वाटत होतं. राज्यांच्या परीक्षांचे निकाल पाहिले तर इतकी मुलं त्या पातळीवर नाहीत. पालकांचा हा समज मुख्यतः घरी येणाऱ्या चांगल्या रिपोर्ट कार्डांवर बसतो. शिक्षक खोटं बोलतात म्हणून असं होत नाही. रिपोर्ट कार्डात मेहनत, वागणूक, वर्गातला सहभाग हेही मिसळतं आणि दहा वर्षांच्या मुलाबद्दल कठोर लिहायला कुणाचा हात धजावत नाही. म्हणून राज्याचा कागद फेकून देऊ नका. तो उलटा आणि मागचं पान वाचा.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या मागच्या भागात आहे आणि बहुतेक पालक तिथपर्यंत पोचतच नाहीत. गणिताच्या एकूण गुणाखाली चार भाग दिलेले असतात: त्या इयत्तेचा मुख्य अभ्यास, जोडीचा पूरक अभ्यास, आपला विचार मांडून दाखवणं, आणि गणित प्रत्यक्ष प्रश्नात वापरणं. मुलगा कोणत्या भागात ठीक आहे आणि कोणत्या भागात मागे, हे तिथे खुणांनी दाखवलेलं असतं. तुम्ही ते पान पाठवलं नाहीत, त्यामुळे मी खात्रीनं बोलणार नाही. पण तो धडाधड पाढे म्हणतो हे वाचल्यावर मला तिसऱ्या भागाकडे बघावंसं वाटतं. मी बरीच वर्षं इथल्या सरकारी शाळेत शिकवलं. आपल्या घरांतली अनेक मुलं उत्तर इतक्या लवकर काढत की ‘कसं काढलंस?’ या प्रश्नाचा त्यांना राग येई. ‘मला येतं’ एवढंच ती लिहीत. परीक्षेत त्या ओळीला गुण नसतात.

उदाहरण घेऊ. पाऊण मोठं की पाच अष्टमांश? चौथीतलं मूल तिरका गुणाकार करून ‘पाऊण’ असं सांगतं आणि उत्तर बरोबर असतं. परीक्षा मात्र पुढे विचारते: चित्र काढून किंवा वाक्यात सांग, का. तिथे लिहावं लागतं की पाऊण म्हणजे सहा अष्टमांश, आणि सहा भाग पाच भागांहून जास्त. हे दोन वाक्यांत मांडणं हे वेगळं कौशल्य आहे. ते रोजच्या बोलण्यातून येतं, पाढ्यांतून नाही. पाढे चांगलेच आहेत, ते बंद करू नका. फक्त आजोबांना सांगा की पाढे झाले की रोज एकच गणित विचारा आणि उत्तर मिळाल्यावर थांबू नका, ‘मला समजावून सांग, मला कळलं नाही’ असं म्हणा. हे मराठीतच होऊ द्या. सव्वा, दीड, पाऊण, अडीच हे आजोबांच्या बोलण्यात रोज असतं आणि मराठीत नीट मांडलेला विचार इंग्रजीत लिहिताना वाया जात नाही. नाशिकहून फोनवर मिळणारी ही शिकवणी कुठल्याही क्लासपेक्षा कमी नाही.

नंबराचंही सांगते. इथल्या प्राथमिक शाळा बहुधा नंबर काढतच नाहीत. दुसऱ्या मुलांची नोंद तुम्हाला दाखवायला कायदाही आडवा येतो. १९७४ चा फर्पा नावाचा केंद्रीय कायदा मुलांच्या शैक्षणिक नोंदी त्यांच्या पालकांपुरत्या मर्यादित ठेवतो. हाच कायदा तुम्हाला तुमच्या मुलाची प्रत्येक नोंद पाहण्याचा हक्क देतो. लेखी मागणी केली तर शाळेनं ४५ दिवसांच्या आत ती दाखवली पाहिजे. व्यवहारात एक साधी ईमेल पुरते. सासऱ्यांना हेही सांगता येईल की महाराष्ट्रातही २०१० पासून पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. प्रगतिपुस्तकात श्रेणी आणि वर्णनात्मक नोंदी असतात. ‘कितवा आला’ हा त्यांच्या काळातला प्रश्न आहे आणि त्यांनी तो प्रेमानंच विचारलाय, पण नातवाला रोज तो ऐकू येतोय.

तर तुमच्यासाठी पहिलं काम: नोव्हेंबरमधली पालक-शिक्षक भेट. ती दहा-पंधरा मिनिटांची असते आणि ‘ही इज डुइंग ग्रेट’ यातच संपते. आठवडाभर आधी शिक्षिकेला चार ओळींची ईमेल पाठवा. राज्याचा निकाल आणि रिपोर्ट कार्ड वेगळं सांगतात, तुम्हाला फक्त समजून घ्यायचंय, असं स्पष्ट लिहा. तुम्ही भांडायला येत नाही आहात हे आधी कळलं की शिक्षिका मोकळेपणानं बोलते. भेटीत त्याची वही किंवा चाचणीचे पेपर समोर मागा, आकडे नकोत. त्याच्या कामाचा एक नमुना आणि त्याच इयत्तेत अपेक्षित असलेल्या कामाचा, नाव झाकलेला, एक नमुना शेजारी शेजारी ठेवून दाखवाल का, असं विचारा. मला या एका प्रश्नातून पालकांना जितकं कळताना दिसलं, तितकं कुठल्याच तक्त्यातून दिसलं नाही. मग विचारा, ‘ही गोष्ट त्याला एकट्याला जमते की कुणी सुचवल्यावर?’ आणि शेवटी, ‘जानेवारीपर्यंत तो काय करू लागला म्हणजे तुम्हाला समाधान वाटेल?’ उत्तर लिहून घ्या. भेटीनंतर आभाराच्या ईमेलमध्ये तेच परत लिहून पाठवा, म्हणजे दोघींकडे नोंद राहते.

क्लास तोवर नको. विचार मांडण्याचा भाग कच्चा असेल तर पानंच्या पानं उदाहरणं सोडवून घेणारा क्लास त्याला अजून वेगवान करेल आणि तेवढंच अबोल ठेवेल. अपूर्णांकांचा पायाच डळमळीत निघाला तर गोष्ट वेगळी. मग क्लास लावा, पण आधी शाळेत जादा मदत मिळते का ते विचारा. बऱ्याच शाळांत ती असते आणि तिला पैसे पडत नाहीत.

आता चौथा कागद, म्हणजे शाळेला मिळालेले ६.

शाळांनी जनतेला हिशोब द्यावा, ही अपेक्षा अमेरिकेत कायद्यात आली त्याला एक कारण आहे. सरासरी चांगली दिसली की तिच्याखाली गरीब, कृष्णवर्णीय, लॅटिनो, अपंग आणि इंग्रजी नव्यानं शिकणारी मुलं झाकली जात. जानेवारी २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सही केलेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यानं तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा सक्तीची केली आणि निकाल प्रत्येक गटाचा वेगळा छापायला लावला. डिसेंबर २०१५ मध्ये ओबामांच्या काळात त्याच्या जागी नवा कायदा आला. शाळांना होणाऱ्या शिक्षेचा भाग त्यानं सैल केला, पण परीक्षा आणि जाहीर अहवाल ठेवले. प्रत्येक राज्यानं आणि डिस्ट्रिक्टनं दरवर्षी अहवाल प्रसिद्ध करायचा, तो समजेल असा असावा आणि शक्य तिथे पालकांना कळणाऱ्या भाषेत असावा, असं कायदा म्हणतो. मला हा कायदा महत्त्वाचा वाटतो. ज्या मुलांसाठी बोलायला कुणी नसतं त्यांच्यासाठी तो आकडा बोलतो. पण तो करदात्यांसाठी आणि सरकारसाठी लिहिलेला हिशोब आहे, तुमच्या मुलाबद्दलचा निकाल नाही.

त्या हिशोबातला एक तुकडा उचलून खासगी वेबसाइट १ ते १० मधला आकडा बनवतात. घरांच्या जाहिरातींशेजारी जो आकडा दिसतो तो बहुधा ग्रेटस्कूल्स या १९९८ मध्ये सुरू झालेल्या संस्थेचा असतो. राज्याच्या परीक्षांचे निकाल हा त्याचा मोठा आधार. नुसत्या गुणांवरून शाळेची किंमत ठरते आणि गुण हे बरेचसे घरच्या उत्पन्नाशी जोडलेले असतात, अशी टीका झाल्यावर त्या संस्थेनं २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये आपलं सूत्र बदललं आणि मुलांच्या वाढीला जास्त वजन दिलं. म्हणजे शिक्षक तेच, मुलं तीच, इमारत तीच, तरी आकडा बदलू शकतो. त्यावर घर विकायचं का, हे तुम्ही दोघांनी या माहितीसकट ठरवा.

स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या हजारो डिस्ट्रिक्टच्या निकालांचा अभ्यास केला. तिसरीतल्या मुलांचे सरासरी गुण आई-वडिलांच्या आर्थिक स्थितीशी घट्ट जोडलेले निघाले. पण मुलं दरवर्षी किती पुढे सरकतात याचा श्रीमंतीशी फारसा संबंध दिसला नाही. त्यांनी दाखवलेलं शिकागोचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. सरासरीत ते शहर मागे दिसे. पण २००९ ते २०१४ या काळात तिथली मुलं तिसरीपासून आठवीपर्यंतच्या पाच वर्षांत सहा वर्षांइतकं शिकत होती. नुसता आकडा बघून घर घेणाऱ्यानं त्या शाळांकडे पाठ फिरवली असती.

तुम्हाला हीच वाढ तुमच्या शाळेसाठी पाहता येते. न्यू जर्सीचा शिक्षण विभाग दरवर्षी प्रत्येक शाळेचा ‘स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट’ जालावर ठेवतो. त्यात ‘स्टुडंट ग्रोथ’ हा भाग उघडा. आधी सारखेच गुण असलेल्या राज्यभरातल्या मुलांच्या तुलनेत या शाळेतली मुलं किती पुढे सरकली, ते १ ते ९९ मध्ये दिलेलं असतं. ५० च्या आसपास म्हणजे इतरांसारखीच वाढ. तुमच्या ‘६’ वाल्या शाळेचा हा आकडा आणि त्या ‘९’ वाल्या शाळेचा आकडा शेजारी लिहा. दोन्ही सारखे निघाले, किंवा तुमच्या शाळेचा जास्त निघाला, तर आश्चर्य वाटून घेऊ नका. नंतर एका शिक्षकामागे मुलं किती, शिक्षक किती टिकतात आणि दर मुलामागे खर्च किती, हेही त्याच अहवालात पाहा. अहवाल आदल्या वर्षाचा असतो, मधल्या काळात मुख्याध्यापकही बदललेले असू शकतात. आणि दोन-तीन वर्षांची तुलना करताना परीक्षा तीच होती ना हे तपासा. इथे २०१५ मध्ये पार्क नावाची परीक्षा आली, २०१९ मध्ये एनजेएसएलए, आणि स्वरूप पुढेही बदलत राहणार.

त्याच अहवालात दीर्घ गैरहजेरीचाही आकडा असतो. वर्षातल्या १० टक्के किंवा अधिक दिवस गैरहजर राहिलेली मुलं त्यात मोजली जातात. १८० दिवसांच्या वर्षात ते १८ दिवस होतात. डिसेंबरच्या सुटीला जोडून पाच आठवडे भारतात जाऊन आलं आणि वर एखादा ताप आला की आपली मुलं त्या यादीत जाऊन बसतात. आजी-आजोबांना भेटणं महत्त्वाचं आहेच. फक्त शक्य तेव्हा उन्हाळ्यात जा.

‘९’ वाल्या गावाबद्दल आणखी एक. २०१५ मध्ये वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरो या आपल्याच राज्यातल्या नामांकित डिस्ट्रिक्टचे सुपरिंटेंडेंट डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी पालकांना एक लांबलचक पत्र लिहिलं. मुलांवरचा अभ्यासाचा ताण धोक्याच्या पातळीला पोचलाय, असं त्यांचं म्हणणं होतं. हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा त्यांनी काढून टाकल्या आणि काही रात्री गृहपाठाविना ठेवल्या. पालकांमध्ये त्यावरून मोठी फूट पडली आणि त्या वादात आशियाई पालक हिरिरीनं उतरले होते. ते गाव वाईट आहे असं मी म्हणत नाही. उत्तम शाळा आहेत त्या. पण ७३८ गुण मिळाल्यावर ज्या घरात झोप उडते, त्या घरानं तिथे जाताना हे लक्षात घ्यावं. तिथल्या रिपोर्ट कार्डवर याच मुलाला ३ ऐवजी २ मिळाला तर तो तसाच असेल, फक्त त्याच्याभोवतीची मुलं बदललेली असतील.

तुमच्यासारखेच पण जरा वेगळ्या परिस्थितीतले पालक हे वाचत असतील, त्यांच्यासाठी थोडं लिहिते. नुकतेच भारतातून आलेले असाल तर शाळेत नाव घालताना घरची भाषा विचारतात. मराठी लिहिलंत की मुलाची इंग्रजीची वेगळी चाचणी होऊ शकते आणि नंतर दरवर्षी ॲक्सेस नावाच्या परीक्षेचा निकाल घरी येतो. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं यांचे वेगळे गुण असतात. बोलण्यात चांगलं आणि लिहिण्यात कमी असं चित्र सुरुवातीला अगदी नेहमीचं आहे. त्या भीतीनं फॉर्मवर घरची भाषा इंग्रजी लिहू नका, मुलाची हक्काची मदत जाते. शाळेचं पत्र कळलं नाही तर दुभाषा मागा, मराठीसाठीही मागता येतो. मुलाला आयईपी, म्हणजे विशेष गरजांसाठी शाळेनं लेखी आखलेला वैयक्तिक शिक्षण आराखडा, असेल तर त्यातल्या प्रत्येक उद्दिष्टावर किती प्रगती झाली ते शाळेनं वेळोवेळी, साधारण रिपोर्ट कार्डाबरोबरच, लेखी कळवायला हवं. ‘प्रगती सुरू आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, आकडा किंवा नमुना मागा. मूल लेव्हल १ किंवा २ वर अडकलंय आणि काहीतरी वेगळं आहे असं मनात येत असेल, तर चाइल्ड स्टडी टीमकडे, म्हणजे अशी तपासणी करणाऱ्या शाळेच्या तज्ज्ञांच्या गटाकडे, तपासणीची लेखी विनंती करा. न्यू जर्सीत अशा विनंतीनंतर शाळेला २० दिवसांच्या आत बैठक घ्यावी लागते. तोंडी बोलण्याला ही मुदत लागू होत नाही, म्हणून कागदावर द्या.

तुमच्या पत्रात एक गोष्ट कुठेच आली नाही, ती म्हणजे स्कूल बोर्ड, डिस्ट्रिक्टचा कारभार पाहणारं मंडळ. निकाल आले की डिस्ट्रिक्टला ते बोर्डाच्या जाहीर बैठकीत मांडावे लागतात आणि त्या बैठकीत लोकांना बोलायला वेळ ठेवावा लागतो. नागरिकत्व नसलं, ग्रीन कार्ड रांगेत अडकलं असलं, मत देता येत नसलं, तरी गावात राहणाऱ्या पालकाला तिथे उभं राहून विचारता येतं. आपण घरकर भरतो आणि त्यातला मोठा वाटा शाळेला जातो. विचारायचं काय? ‘७५० च्या वर किती मुलं गेली’ हे ते सांगतीलच. तुम्ही विचारा की गणितात मुलं किती पुढे सरकली, कोणत्या इयत्तेत वाढ थांबली, आणि रिपोर्ट कार्डवर ३ मिळालेल्या मुलांपैकी किती राज्याच्या परीक्षेत लेव्हल ४ ला पोचली. हा शेवटचा प्रश्न तुमच्या घरात पडला, तसा शेकडो घरांत पडला असणार. डिस्ट्रिक्टकडे दोन्ही आकडे आहेत. ते शेजारी ठेवून पालकांना समजावणं हे त्यांचं काम आहे आणि ते मागायला तुम्ही संकोच करू नका. ग्रुपवरच्या दोघी-तिघी बरोबर आल्या तर त्या ग्रुपचाही काही उपयोग होईल.

मुलाला हा निकाल दाखवायचा का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण दाखवा. घरात सगळे कुजबुजतायत हे त्याला कळतंच. आकड्यापासून सुरू करू नका, मागच्या पानापासून करा: ‘इथे म्हणतात तुला हे चांगलं येतं, इथे तू कसं काढलंस ते कमी लिहिलंस. तुला काय वाटतं?’ बहुतेक मुलांना स्वतःबद्दल मोठ्यांपेक्षा नेमकं माहीत असतं. तो कदाचित सांगेल की टाइप करायला कंटाळा आला. परीक्षा कॉम्प्युटरवर असते आणि दहा वर्षांच्या मुलासाठी हे खरंच कारण असू शकतं.

घराचा निर्णय मार्चपर्यंत थांबवा, असं मी सुचवेन. तोवर शिक्षिकेची भेट होईल, हिवाळ्यातली मॅप चाचणी होईल, दोन्ही शाळांचे वाढीचे आकडे तुम्ही समोरासमोर ठेवलेले असतील. त्यानंतरही नवऱ्याला जावंसं वाटलं, आणि त्यामागे प्रवासाचं अंतर, मोठं घर, जवळचे नातलग अशी कारणं असली, तर खुशाल जा, ती चांगली कारणं आहेत. फक्त घर बघायला जाण्याआधी त्या गावच्या शाळेला फोन करून एक फेरी मागा. बऱ्याच बोर्डांच्या बैठकांचे व्हिडिओ जालावर असतात. त्यातली निकाल मांडलेली बैठक तुम्ही दोघांनी मिळून पाहा आणि पालकांनी अवघड प्रश्न विचारल्यावर समोरचे कसं उत्तर देतात तिकडे लक्ष ठेवा.